कुसुमच्या दारची वाळ्याची ताटी

तुम्ही काय काम करत होता, असं कोणी विचारलं की मी "बांबूकाम" एवढंच सांगून मोकळी होते. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. सुपं आणि टोपल्या आमच्या घरी बारा महिने होत. उन्हाळ्यात मात्र मी आणि माझ्या सासूबाई दुसऱ्यांच्या दारात असायचो. आम्ही वाळ्याच्या ताट्या बांधत असू आणि पुढे सगळा हंगाम त्या सांभाळत असू. हे सांगायला लागलं की समोरचं माणूस आधी ताटी म्हणजे काय ते विचारतं, मग वाळा म्हणजे काय ते विचारतं, आणि चार माणसांत इतकं बोलायची मला सवय नाही. लिहिणं बरं. लिहिताना कोणी तोंडाकडे पाहत नाही. शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा जसं येईल तसं लिहिते. हे कागद घरातच राहायचे आहेत.

आम्ही चांद्याला राहत होतो. आता त्याला चंद्रपूर म्हणतात. सन पन्नासच्या पुढची ती वर्षं. विजेचे पंखे मोजक्या घरांत होते आणि ते गरम हवाच फिरवीत. आमच्याकडचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको. दुपारी पितळेच्या गडव्याला हात लावला तर चटका बसे. तेव्हा वकील, डॉक्टर, ठेकेदार, डेपोतले बाबू अशी बऱ्या घरची माणसं पश्चिमेच्या दाराला वाळ्याची ताटी लावत. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या, त्यांच्यामध्ये वाळ्याची मुळं दाबून बसवलेली, सुतळीने शिवलेली. वाळा म्हणजे नाल्याकाठी वाढणारं एक गवत. त्याच्या मुळांना वास असतो. धानोऱ्याकडची माणसं ती मुळं खणून, धुऊन, भारे बांधून बाजारात आणत. ताटी भिजवली की बाहेरची झळ तिच्यातून गाळून आत येते आणि येताना गार होते. एवढंच त्याचं शास्त्र.

ताटी बांधणं सोपं. ती टिकवणं कठीण. लोकांना वाटे की पाणी मारलं की झालं. बादलीभर पाणी भसकन ओतणारे खूप होते. त्यानं काय होतं, वरची मुळं सरकत सरकत खाली येतात. महिन्याभरात ताटीचं पोट सुटतं आणि डोक्याला टक्कल पडतं. मग त्या टकलातून झळ सरळ आत. आम्ही ताटीवर बांबूची चिरलेली पन्हळ आडवी बांधत असू, तिला खाली बारीक भोकं. पन्हळीत गडवाभर पाणी ओतायचं, ते झिरपत खाली येतं. थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा. संध्याकाळी ऊन उतरलं की पाणी बंद आणि ताटी रात्रभर सुकू द्यायची. कायम ओली ठेवली तर ती काळी पडते, कुबट वास मारते आणि घरातली माणसं शिंकायला लागतात. आठवड्यातून एकदा ती उतरवून धुवायची, पण आतल्या अंगाने पाणी मारून. धूळ बाहेरून आत शिरलेली असते, ती आली त्याच वाटेने परत घालवायची. बाहेरून पाणी मारलं तर धूळ आणखी आत जाऊन बसते. अर्धा उन्हाळा झाला की ताटी उलटी करायची, खालची बाजू वर. मृगाच्या आधी ती कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवायची. धुरामुळे तिथे वाळवी येत नाही. असं सांभाळलं तर एका हंगामाची ताटी पुढच्या हंगामातही कामाला येते.

आता नातवाच्या घरी गार हवेचं यंत्र आहे. उन्हाळ्याआधी एक माणूस येतो, त्याची जाळी काढून आतल्या बाजूने धुतो आणि सावलीत वाळवतो. "आजी, जाळी साफ ठेवली तर मशीन मरत नाई," असं मला समजावतो. मी मान हलवते. मला त्याला वेगळं काही सांगायचं नसतं.

सासूबाईंना मी मामीजी म्हणत असे. आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. मामीजी बोलायच्या आणि मी पाणी घालायची, अशी आमची वाटणी होती. कोणाच्या घरी गेलो की त्या दारातूनच सुरू होत. एका पेन्शनर मास्तरांनी गारवा बाहेर पळू नये म्हणून समोरची खिडकी, मागचं दार, सगळं लावून घेतलं होतं. खोलीत भाजी शिजवल्यासारखी वाफ धरली होती.

मामीजी म्हणाल्या, "मास्तर, तुमी श्वास घेता तर सोडता का नाई?"

"सोडतो."

"मंग घराले काऊन सोडू देत नाई?"

मास्तर हसले आणि खिडकी उघडली. मला असं बोलता आलं नसतं. आलं असतं तरी मास्तरांच्या समोर तोंड उघडलं नसतं.

घुग्घुसच्या रस्त्यावर एक कारकून राहत. त्यांच्या ताटीवर कोळशाची धूळ इतकी बसे की धुतल्यावर अंगणात शाईसारखा ओघळ जाई. त्यांची बायको म्हणे, "बाई, हे सगळं आमच्या छातीत जात होतं का वो?" मामीजी म्हणत, "आता ताटीच्या छातीत जाते, तुमी निवांत झोपा." किराण्याच्या दुकानदार रहमानभाईंनी एकदा हौसेने पन्हळीत गुलाबाचं अत्तर टाकलं. दुपारी सगळ्या गल्लीतल्या मधमाश्या त्यांच्या दारावर. रहमानभाई शेजारच्या ओसरीवर बसून आम्हाला बोलावत होते, "बहिणी, आधी यायले पाणी पाजा, मंग मी घरात येतो."

पण ताटीचा खरा शत्रू धूळ नाही, पाणी नाही, वाळवीही नाही. खरा शत्रू म्हणजे पाहुणा. पिण्याच्या पाण्याच्या माठात वाळ्याची जुडी टाकायची आमच्याकडे रीत आहे. पाण्याला वास येतो, पोटाला थंड पडतं. बाजारात जुडी मिळे. तरी ज्याच्या घरी ताटी असेल त्याच्याकडे आलेलं माणूस उठता उठता ताटीतली दोन मुळं ओढून कनवटीला लावणारच. त्यात कोणाला चोरी वाटत नसे. तुळशीची पानं घ्यावीत तसं. हात बसल्या जागेवरून जिथे पोहोचतो तिथेच ताटीला भोक पडायचं. मामीजी म्हणत, "ताटी आहे का कोथिंबिरीचा वाफा? येते अन् खुडते."

आता कुसुमचं लिहिते. लिहायला बसले ती त्यासाठीच.

कुसुम आणि मी चौथीपर्यंत एका पट्टीवर बसलो. ती हुशार आणि बडबडी. मास्तरांनी मला काही विचारलं की माझ्याऐवजी तीच उत्तर देऊन टाकी. तिचं लग्न गावातच, जंगलखात्याच्या डेपोत कामाला असलेल्या एका बाबूंशी झालं. घरात नवरा आणि आजेसासू. आजी वडसाकडच्या धानाच्या गावच्या, अंगाने काटकुळ्या, आवाजाने खणखणीत. सासू कुसुमच्या नवऱ्याच्या लहानपणीच गेली होती, आजींनीच त्यांना वाढवलं होतं.

त्या वर्षी मे महिन्यात कुसुम सातव्यातच बाळंत झाली. मुलगी झाली, मुठीएवढी. आजींनी तिला कापसात गुंडाळून सुपात ठेवलं आणि सूप शेगडीजवळ. खोली आतली, अंधारी. एकच लहान खिडकी मागच्या भिंतीला, तीही चिंध्या कोंबून बंद केलेली. दार ओढलेलं. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही हे सगळ्याच घरांत पाळत, आजी तर जिवाच्या पलीकडे पाळत. त्यांची थोरली लेक पहिल्या बाळंतपणात गेली होती. वारा लागून गेली, असं त्या सांगत. त्या वेळी दार उघडं राहिलं होतं.

बाळाला ऊब हवी होती, ते खरंच. पण बाहेर आग, आत शेगडी, आणि त्यात कुसुम. तिला ताप भरला. दवाखान्यातली नर्सबाई येऊन गेली. ती म्हणाली, हा ताप उन्हाचा आहे, खोली गार करा, नाहीतर मी काही सांगू शकत नाही. ती गेल्यावर बाबू आमच्याकडे आले. मामीजींना म्हणाले, "बाई, ताटी लावून द्या. आजी नाई म्हणते. पण तुमी लावून द्या."

आम्ही गेलो. मी खोलीच्या दारातून डोकावले. कुसुमचे ओठ फुटले होते. तिने माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. आपल्याच वयाच्या मुलीकडे पाहून मला प्रथमच वाटलं की माणूस असं, दुपारच्या वेळी, घरातच संपू शकतं.

आजी दाराच्या मधोमध बसल्या होत्या. म्हणाल्या, "ताटी म्हंजे वारा. पोट्टीले वारा लागला तर तिले परत कोण देणार हाये?"

मी मामीजींकडे पाहिलं. त्या बोलतील असं वाटलं. पण त्या गप्प. नंतर मला म्हणाल्या की, जिची लेक गेली तिच्यापुढे मी काय बोलू. सगळ्या गावाला गप्प करणारी बाई तिथे पदर सावरत उभी राहिली. बाबू खाली मान घालून. कोणीतरी बोलायला पाहिजे होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

खोलीत कुसुमच्या उशाच्या वर, कोनाड्यात दिवा जळत होता. बाळंतिणीच्या खोलीतला दिवा विझू द्यायचा नाही, हीही आजींचीच रीत. मी त्या ज्योतीकडे पाहत होते, कारण आजींकडे पाहवत नव्हतं. आणि माझ्या तोंडून निघालं, "आजी, दिवा खाली घ्या."

"काऊन?"

"कुसुमच्या बाजेजवळ ठेवा. ज्योत हलली तर वारा आहे. नाई हलली तर नाई."

आजी माझ्याकडे पाहत राहिल्या. मामीजींनीही वळून पाहिलं. त्यांनी सुनेचं एवढं लांब बोलणं बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं असेल.

आजी म्हणाल्या, "अन् हलली तर?"

"तर ताटी मी उतरवीन."

मग त्यांनीच उठून पायली उपडी ठेवली आणि तिच्यावर दिवा ठेवला, बाजेच्या अगदी कडेला, कुसुमच्या खांद्याजवळ. "इथी ठेवीन. मी इथंच बसते," म्हणाल्या. त्यांनी आणखी एक गोष्ट केली जी आम्हाला सुचली नसती. बाळाचं सूप त्यांनी दाराच्या मागच्या कोपऱ्यात, भिंतीच्या आडोशाला नेलं आणि शेगडीही तिकडे सरकवली. "गारवा मायले, ऊब लेकराले. दोघीयले येकच कसं चालन?" असं स्वतःशीच म्हणाल्या.

ताटी आम्ही खोलीच्या दाराला लावली नाही. ओसरीतून माजघरात येणारं जे पश्चिमेचं दार होतं त्याला लावली. झळ ताटीतून गाळून माजघरात यायची, तिथे पसरून निवायची आणि मग रांगत खोलीत जायची, असा आमचा हिशेब. एरवीपेक्षा जास्त वाळा भरला, दाबून, म्हणजे वारा जोराने येणारच नाही. मागच्या खिडकीतली एकच चिंधी काढली, हवेला बाहेर जायला. मी पन्हळीत पाणी ओतत राहिले, ताटी नुसती दमट राहील एवढंच. फार ओली केली असती तर खोलीत ओल धरली असती, आणि बाळाला ते चाललं नसतं.

आजी ज्योतीसमोर बसून होत्या. मी दर वेळी विचारायची नाही, फक्त दारातून पाहायची. ज्योत सरळ होती. बऱ्याच वेळाने आजींनी कुसुमच्या कपाळावर हात ठेवून पाहिला आणि परत ज्योतीसमोर बसल्या. ताटी उतरवा म्हणाल्या नाहीत. मला तेवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी ताप तसाच होता, पण कुसुमने पाणी मागितलं. आम्हाला बरं वाटलं. मामीजींना बाजारात जायचं होतं, त्या गेल्या. मला दुसऱ्या दोन घरांच्या ताट्या पाहायच्या होत्या. बाबूंना पाणी कसं ओतायचं ते दाखवून मीही गेले. परत आले तेव्हा दुपार कलली होती, आणि आजींचा आवाज रस्त्यावरून ऐकू येत होता.

"उतरव ते. आत्ता उतरव."

मी धावतच आत गेले. ज्योत आडवी पडत होती, विझता विझता वाचत होती. आजींनी कुसुमच्या अंगावर वाकून, पदर पसरून वारा अडवला होता. बाबू ताटीची दोरी सोडत होते.

मी ताटीसमोर गेले आणि पाहिलं. बरोबर कमरेच्या उंचीला, बसलेल्या माणसाचा हात जाईल तिथे, मूठभर भोक. त्यातून झळ सोट्यासारखी आत येत होती. दुपारी गल्लीतल्या बायका विचारपूस करायला आल्या होत्या. खोलीत जायचं नाही म्हणून माजघरातच बसल्या, ताटीला टेकून, गार वाटत होतं म्हणून. आणि जाताना प्रत्येकीने दोन दोन मुळं नेली होती. बाळंतिणीच्या घरचा वाळा आहे, शुभ आहे, असंही कोणी म्हणाली असेल.

वाळा आणायला बाजारात जायला वेळ नव्हता. मी भोकाला पाठ लावून उभी राहिले. लुगड्यातून झळ पाठीला लागत होती. म्हणाले, "आजी, भोक आहे. वारा ताटीचा नाई, भोकाचा आहे. बुजवते. ज्योत सरळ नाई झाली तर ताटी मीच फेकून देईन."

आजी वाकलेल्याच होत्या. बाबूंनी दोरी सोडायची थांबवली.

तेवढ्यात मामीजी बाजारातून आल्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी खाली बसून ताटीच्या अगदी तळाची शिवण उसवली, तिथली मुळं काढली, कारण पाण्याबरोबर सरकून तळाला वाळा जास्तच जमतो, आणि माझ्या पाठीमागून एकेक जुडी भोकात कोंबत गेल्या. कोंबताना हळू आवाजात गल्लीतल्या एकेका बाईचं नाव घेऊन तिच्या माठाचं काय व्हावं ते सांगत होत्या. मी लिहीत नाही. भोक बुजलं तेव्हा सुतळीने वरून आडवी तिडवी शिवली. मग मी बाजूला झाले.

आम्ही तिघं खोलीच्या दारात गेलो. आजींनी पदर काढला नव्हता. मामीजी म्हणाल्या, "आजी, जरा बाजूले व्हा. पाहू द्या दिव्याले."

आजी हळूच मागे सरकल्या. ज्योत थोडी थरथरली, मग उभी राहिली. आम्ही सगळे तिच्याकडे पाहत होतो.

त्यानंतर मामीजी त्या घरातून हलल्याच नाहीत. ओसरीवर बसून राहिल्या, शेजारी वाळ्याची जुडी. जी बाई येई तिच्या हातात दारातच दोन मुळं ठेवत. "घे, तुयासाठीच ठेवली. आता आत हात नको घालू." पुढे आम्ही प्रत्येक ताटीच्या खालच्या कोपऱ्यात एक सैल जुडी मुद्दाम बांधून ठेवू लागलो, पाहुण्यांसाठी. लोक तिथूनच ओढत आणि बाकी ताटी वाचे. पण ते पुढचं.

त्या दिवशी ऊन उतरायला आलं होतं. मी पन्हळीत शेवटचं पाणी ओतलं आणि खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसले. आजी बसल्या बसल्या पेंगत होत्या. बाळ कोपऱ्यात कुरकुरत होतं, कालपेक्षा जरा जोरात. कुसुम पडून माझ्याकडे पाहत होती.

म्हणाली, "तू कधी आली?"

मी उंबऱ्यावरच पुढे सरकले.

"मले थंडी वाजून राह्यली," ती म्हणाली. "पांघरूण दे ना. काय हे पाणी पाणी करून ठेवलं घर."

आजी दचकून उठल्या. थंडी म्हणजे ताप चढतोय की काय, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी कुसुमच्या कपाळावर हात ठेवला, मग गळ्यावर, मग पोटावर. हात बाहेर काढून उजेडात धरला. तो ओला होता. कुसुमला घाम सुटला होता आणि अंग गार पडत होतं. आजींनी तो हात आपल्याच तोंडावर फिरवला आणि बराच वेळ तिथेच धरून ठेवला.

बाबू दारात आले होते. कुसुमचं ऐकून ते घाईने म्हणाले, "आजी, तिले थंडी वाजते म्हणते. ताटी काढू का?"

आजी वळल्या. आवाज परत पहिल्यासारखा खणखणीत झाला होता.

"ताटीले हात लावशील तर पाह्य," त्या म्हणाल्या. "मायं लुगडं आन खुंटीवरचं. दोन आन."